तेच सैन्य, तीच शिस्त. मग एका देशात लष्कराने सत्ता घेतली आणि दुसऱ्यात का नाही?

तुमच्या पत्रात तीन प्रश्न आहेत. १९४७ पर्यंत भारत आणि पाकिस्तान यांचे सैन्य एकच होते, अधिकारी एकाच पद्धतीने घडलेले होते. मग पाकिस्तानात लष्कराने पुन्हा पुन्हा सत्ता घेतली आणि भारतात एकदाही घेतली नाही, याचे कारण काय, हा पहिला प्रश्न. तुमच्या घरातली वडीलधारी मंडळी नेहमी म्हणतात की "पाच वर्षे देश मिलिटरीच्या ताब्यात द्या, सगळे सुतासारखे सरळ होतील", आणि त्यात चूक नेमकी काय आहे हे तुम्हाला सांगता येत नाही, हा दुसरा. तिसरा प्रश्न फौजेत असलेल्या तुमच्या मावसभावाने व्हॉट्सॲप स्टेटसवर एका पक्षाचे चिन्ह ठेवले आहे, त्याबद्दलचा आहे. त्याचे उत्तर शेवटी देतो, कारण आधीची दोन उत्तरे वाचल्यावर ते अधिक नीट समजेल.

मी अठ्ठावीस वर्षे पायदळात अधिकारी होतो आणि निवृत्तीनंतर नागरी सत्ता आणि लष्कर यांच्या संबंधांविषयी शिकवतो. आधीच एक मर्यादा सांगून ठेवतो. लष्कर राजकारणात का येते याचे सर्व देशांना लागू पडेल असे एक उत्तर नाही. तुर्कस्तानात सैन्य स्वतःला आधुनिक तुर्कस्तानचा संस्थापक अतातुर्क याच्या वारशाचे राखणदार मानत आले, तर म्यानमारमध्ये २००८ च्या संविधानानेच संसदेच्या एक चतुर्थांश जागा सैन्याला दिल्या आणि तरीही २०२१ मध्ये त्याने सत्ता पुन्हा हातात घेतली. तिथली कारणे वेगळी आहेत. मी जे लिहितो आहे ते भारत आणि पाकिस्तान या जोडीपुरते आहे, आणि ही जोडी शिकण्यासारखी आहे ती एवढ्याचसाठी की सुरुवात दोघांची एक होती.

सर्वांत सोपे आणि आपल्याला आवडणारे उत्तर आधी बाजूला ठेवावे लागेल. आपले सेनापती सज्जन आणि त्यांचे सत्तालोलुप, असे ते उत्तर आहे. पुढे पाकिस्तानात सत्ता घेणारे अयूब खान आणि भारताचे लष्करप्रमुख झालेले थिमय्या हे दोघेही इंग्लंडमधल्या सँडहर्स्ट लष्करी अकादमीचे. १९४७ साली याह्या खान आणि माणेकशॉ दिल्लीच्या सैन्य मुख्यालयात बरोबरीने काम करत होते. चोवीस वर्षांनी याह्या पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष आणि मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अमलाचे, प्रशासक होते आणि माणेकशॉ भारताच्या पंतप्रधानांच्या आदेशाखालचे लष्करप्रमुख होते. एका मुशीतून निघालेल्या माणसांच्या वाटा इतक्या वेगळ्या झाल्या असतील तर कारण माणसांत शोधण्यापेक्षा त्यांच्या भोवतालच्या व्यवस्थेत शोधले पाहिजे.

शपथेतही ते सापडत नाही. आपल्याकडे प्रशिक्षण संपले की कसम परेड होते. नवा जवान राष्ट्रध्वजासमोर, आपल्या धर्मग्रंथाच्या साक्षीने, संविधानाशी निष्ठेची शपथ घेतो आणि प्राणांवर बेतले तरी आदेश पाळीन असे वचन देतो. राजकारणात पडणार नाही असे शब्द त्या शपथेत नाहीत. पाकिस्तानच्या १९७३ च्या संविधानाने सैनिकांसाठी जी शपथ घातली तिच्यात मात्र "मी कोणत्याही राजकीय कार्यात भाग घेणार नाही" या अर्थाचे स्पष्ट वाक्य आहे. शिवाय त्याच संविधानाच्या सहाव्या कलमाने, संविधान बळाने उलथवणे हा राजद्रोह ठरवला. त्यानंतर चार वर्षांनी लष्करप्रमुख जनरल झिया यांनी सत्ता घेतली. ज्यांनी हे कलम लिहवून घेतले ते, झियांनी हटवलेले पंतप्रधान झुल्फिकार अली भुट्टो ४ एप्रिल १९७९ रोजी फासावर गेले.

म्हणजे खरा प्रश्न असा आहे: ज्यांच्या हाती शस्त्रे आहेत ती माणसे, ज्याच्या हाती शस्त्र नाही अशा माणसाचे का ऐकतात? आणि आलेले सैन्य परत पाठवण्याची ताकद एखाद्या नागरी सरकारात कुठून येते? माझ्या अनुभवात या प्रश्नाचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे. सैन्याला बोलावणे सोपे असते, पण परत पाठवायला सरकारच्या अंगात बळ लागते. पाकिस्तान आणि भारत यांच्यातला फरक मला तिथे दिसतो.

हे पुस्तकातून सांगण्याऐवजी एक प्रसंग सांगतो. मी कॅप्टन असताना उत्तरेतल्या एका गावात दंगल पेटली आणि आमच्या पलटणीचा एक कॉलम, म्हणजे सुमारे शंभर जवान, गावाबाहेर येऊन थांबला. दोन गल्ल्या पलीकडे धूर दिसत होता, आरडाओरडा ऐकू येत होता, आणि आम्ही ट्रकांतून उतरून रांगेत उभे होतो. सुभेदार साहेब मला दोनदा म्हणाले, "साब, चलते हैं." वायरलेसवरून सीओ साहेबांचे, म्हणजे पलटणीच्या प्रमुखांचे, एकच उत्तर होते: मॅजिस्ट्रेटचा कागद हातात आल्याशिवाय कॉलम हलणार नाही. थोड्या वेळाने एक तरुण कार्यकारी दंडाधिकारी आला. नोकरीत लागून त्याला फार तर दोन वर्षे झाली असतील. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून, माझ्या टॉर्चच्या उजेडात त्याने रिक्विझिशन, म्हणजे सैन्याच्या मदतीची लेखी मागणी, लिहिले: कुठला भाग, किती वाजता, कशासाठी. त्याचा हात थरथरत होता. सही केल्यावर तो माझ्या शेजारी चालू लागला, कारण गोळी चालवायची वेळ आलीच तर त्याची लेखी परवानगी मला घ्यायची होती. त्या वेळी हे दंड प्रक्रिया संहितेच्या कलम १३० खाली होत असे. आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १४९ वे कलम आहे. दंडाधिकाऱ्याशी संपर्कच होऊ शकत नसेल तर अधिकारी स्वतः कारवाई करू शकतो, पण संपर्क होताच पुढचे दंडाधिकाऱ्यानेच ठरवायचे, हेही कायद्यात लिहिलेले आहे. शंभर रायफली एका कागदासाठी थांबल्या, ही गोष्ट तेव्हा मला जिवाला लागली होती, कारण त्या अर्ध्या तासात कुणाचे तरी घर जळत होते. आज तोच अर्धा तास मी माझ्या विद्यार्थ्यांना सर्वांत आधी सांगतो, आणि त्याची किंमतही सांगतो.

त्या प्रसंगाचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. तीन दिवसांनी गाव शांत झाले. आम्ही फ्लॅग मार्च केले होते, रस्त्यांवरचे अडथळे हटवले होते, गोळी एकही चालली नव्हती. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी बाजारातले पाचसहा व्यापारी मला भेटायला आले. त्यातले एक वयस्कर गृहस्थ हात जोडून म्हणाले, "साहेब, तुम्ही जाऊ नका. पोलीस पैसे खातात, पुढारी आग लावतात. तुम्ही इथेच राहा." त्यांचा शब्द न् शब्द खरा होता. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि खरे सांगतो, मला तेव्हा आपण थांबायला हवे असेच वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी काम संपल्याच्या कागदावर त्याच दंडाधिकाऱ्याची सही घेऊन आम्ही छावणीत परतलो. मी स्वतः ठरवणार असतो तर परतलो असतो का, याचे उत्तर मला ठामपणे देता येत नाही. सुदैवाने ते ठरवण्याचा अधिकार माझा नव्हता.

आता हेच चित्र एका मोठ्या शहरावर ठेवून पाहा. मार्च १९५३ मध्ये लाहोरमध्ये अहमदिया पंथाच्या लोकांविरुद्ध दंगली उसळल्या. प्रांतिक सरकारने आधी त्या पेटू दिल्या आणि मग हात टेकले. जनरल आझम खान यांच्या हाती शहर देण्यात आले आणि सुमारे दोन महिने तिथे मार्शल लॉ होता. सैन्याने दंगल थांबवलीच, शिवाय शहराच्या साफसफाईची मोहीम काढली, रस्ते आणि बाजार नीट करून घेतले. सैन्य गेले, पण जे काम सरकारला वर्षानुवर्षे जमत नाही ते सैन्याला दोन महिन्यांत जमते, ही समजूत लोकांच्या आणि अधिकाऱ्यांच्याही मनात पक्की करून गेले. पाच वर्षांनी सारा देश लष्कराच्या हाती गेला तेव्हा रस्त्यावर विरोध जवळपास दिसला नाही. माझ्या त्या व्यापाऱ्याची विनंती तिथे देशाने केली, आणि ती नाकारणारे कुणी उरले नव्हते.

लाहोरच्या तोडीचे उदाहरण आपल्याकडेही आहे, आणि ते मराठी वाचकाच्या अगदी घरातले आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानात भारतीय सैन्य गेले आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. आपण तो दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो. पण त्यानंतर काय झाले हे फारसे कुणी विचारत नाही. मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी हे हैदराबादचे लष्करी गव्हर्नर झाले, आणि १९४९ च्या अखेरीपर्यंत, म्हणजे सव्वा वर्ष, तेव्हाचे औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे जिल्हे लष्करी गव्हर्नरच्या अमलाखाली होते. मराठी माणसाने लष्करी राज्य प्रत्यक्ष पाहिले आहे. त्या काळाला कुणी सोन्याचा मुलामा देऊ नये. या लष्करी मोहिमेच्या, म्हणजेच 'पोलीस कारवाई'च्या, दिवसांत मराठवाड्यातही मुसलमान वस्त्यांवर भीषण हल्ले झाले आणि त्या हिंसाचाराची चौकशी करणाऱ्या सुंदरलाल समितीच्या अहवालात त्याची नोंद आहे. तेलंगणात शेतकरी-कम्युनिस्ट उठावाविरुद्धची मोहीमही कठोर होती. पण त्याच राजवटीने ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिरी रद्द करण्याचे मोठे काम केले आणि ते लोकांना हवे होते. म्हणजे मुक्काम वाढवायला कारण होते आणि लोकमतही काही प्रमाणात अनुकूल होते.

तरीही लष्करी गव्हर्नरचे पद संपले, एम. के. वेल्लोडी या सनदी अधिकाऱ्याकडे कारभार गेला आणि १९५२ च्या निवडणुकीनंतर लोकांनी निवडलेले मंत्रिमंडळ आले. हे कसे घडले? पहिल्या दिवसापासून चौधुरींच्या डोक्यावर दिल्लीतले सरदार पटेलांचे संस्थान खाते होते आणि त्यांच्या शेजारी डी. एस. बखले यांच्यासारखे अनुभवी सनदी अधिकारी नागरी कारभार पाहायला बसवलेले होते. कारभार चालवायला दुसरी माणसे तयार होती, वर आदेश देणारे सरकार भक्कम होते, आणि त्या सरकारमागे खेड्यापर्यंत पोचलेला पक्ष होता. गोव्यातही तेच झाले. डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगीज गेले, मेजर जनरल कँडेथ लष्करी गव्हर्नर झाले, जून १९६२ मध्ये तिथे नागरी नायब राज्यपाल आले आणि डिसेंबर १९६३ मध्ये निवडणूक होऊन दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. दोन्ही ठिकाणी परतीची वाट सैन्य येण्याच्या वेळीच आखलेली होती.

पाकिस्तानात ती वाट का नव्हती याची कारणे बहुतेक १९४७ ते १९५८ या अकरा वर्षांत सापडतात. जिना सप्टेंबर १९४८ मध्ये गेले, लियाकत अली खान यांचा ऑक्टोबर १९५१ मध्ये रावळपिंडीत खून झाला. मुस्लिम लीगचा जोर ज्या संयुक्त प्रांतात आणि मुंबईत होता ते प्रदेश भारतात राहिले आणि नव्या देशात तिची मुळे उथळ ठरली. लियाकत अलींच्या मृत्यूपासून ऑक्टोबर १९५८ पर्यंतच्या सात वर्षांत तिथे सहा पंतप्रधान झाले आणि सरसेनापती मात्र एकच, जानेवारी १९५१ पासून अयूब खान. त्याच सात वर्षांत भारतात पंतप्रधान एक होते आणि लष्करप्रमुख चार झाले: करिअप्पा, राजेंद्रसिंहजी, श्रीनागेश आणि थिमय्या. मी वर्गात फळ्यावर हे आकडे शेजारी शेजारी लिहितो आणि मुलांना थोडा वेळ नुसते बघू देतो. खुर्चीवर कोण टिकून आहे आणि कोण येऊन जाऊन आहे, यावरून कारभारातले शहाणपण आणि फायलींची माहिती कुणाकडे साठत जाते ते कळते.

त्यात भर पडली ती नागरी मंडळींच्याच हातून. गव्हर्नर जनरल गुलाम मुहम्मद यांनी एप्रिल १९५३ मध्ये नाझिमुद्दीन यांना पंतप्रधानपदावरून काढले आणि ऑक्टोबर १९५४ मध्ये संविधान सभाच बरखास्त केली. तेही सनदी नोकरीतून आलेले होते, सैनिक नव्हते. त्याच वेळी बनलेल्या मंत्रिमंडळात सरसेनापती असतानाच अयूब खान यांना संरक्षणमंत्रीपद देण्यात आले, म्हणजे ज्याने हिशेब द्यायचा आणि ज्याने तो घ्यायचा, ते दोघे एकच झाले. संविधान सभेचे अध्यक्ष तमीझुद्दीन खान न्यायालयात गेले. सिंधच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने दिलेला निकाल १९५५ मध्ये सरन्यायाधीश मुहम्मद मुनीर यांच्या न्यायालयाने फिरवला, आणि पुढच्या काही आठवड्यांत "राज्याच्या गरजेपोटी केलेले बेकायदा कृत्यही वैध ठरू शकते" हे तत्त्व तिथल्या कायद्यात शिरले. संविधान यायला १९५६ उजाडले. आपल्याकडे तोवर पहिली सार्वत्रिक निवडणूक होऊन गेली होती. पाकिस्तानात प्रौढ मतदानाची पहिली सार्वत्रिक निवडणूक डिसेंबर १९७० मध्ये झाली.

मग ७ ऑक्टोबर १९५८ ची रात्र आली. संविधान रद्द करणारे आणि मार्शल लॉ पुकारणारे इस्कंदर मिर्झा हे देशाचे राष्ट्राध्यक्ष होते. पुढच्या वर्षी निवडणूक ठरली होती आणि तिच्यानंतर आपली खुर्ची राहणार नाही हे त्यांना दिसत होते. त्यांनी अयूब खान यांना मदतीला बोलावले. २७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने दोसो खटल्यात असा निकाल दिला की यशस्वी झालेली क्रांती हीच नव्या कायद्याचा उगम असते. त्याच रात्री अयूब खान यांच्या सेनाधिकाऱ्यांनी मिर्झांकडून राजीनामा लिहून घेतला आणि लवकरच त्यांची लंडनला रवानगी झाली. सैन्याला दार उघडून देणारा माणूस वीसच दिवस टिकला.

पुढचे मी भराभर सांगतो, कारण नमुना तोच आहे. भुट्टोंनी १९७६ मध्ये अनेक वरिष्ठांना डावलून झियांना लष्करप्रमुख केले, कारण ते नम्र वाटत होते. नवाझ शरीफ यांनी १९९८ मध्ये वरिष्ठांना डावलून मुशर्रफ यांना निवडले आणि पुढच्याच वर्षी १२ ऑक्टोबरला मुशर्रफ यांनी त्यांची सत्ता घेतली. १९७७ मध्येही आणि २००० मध्येही न्यायालयाने गरजेच्या तत्त्वाखाली ते मान्य केले. याह्या खान बेकायदा सत्ताधारी होते असे न्यायालय १९७२ मध्ये बोलले, पण तोवर ते पायउतार झाले होते. "आपला माणूस" म्हणून निवडलेला सेनापती आपला राहत नाही, ही गोष्ट दोन्ही पंतप्रधानांना फार उशिरा कळली. मला यातले सर्वांत क्लेशदायक वाटते ते हे की बहुतेक प्रत्येक वेळी विरोधी पक्षातल्या कुणी ना कुणी मिठाई वाटली.

इथवरचे थोडक्यात असे: सैनिक दोन्हीकडे सारखे होते आणि बोलावणे दोन्हीकडे आले. भारतात परत पाठवणारी माणसे, पक्ष आणि कायदा जागेवर होते. पाकिस्तानात ते आधीच मोडले होते किंवा मोडणारे स्वतः नागरी सत्तेतच बसले होते.

मात्र भारतात हे आपोआप झाले असे समजू नका. इंग्रजांच्या काळी सरसेनापती हा व्हाइसरॉयच्या कौन्सिलाचा सदस्य असे आणि मानाने व्हाइसरॉयच्या खालोखाल. दिल्लीत त्याचा बंगला होता फ्लॅगस्टाफ हाउस. स्वातंत्र्यानंतर तो पंतप्रधान नेहरूंचे निवासस्थान झाला. आज आपण त्याला तीन मूर्ती भवन म्हणून ओळखतो. सैन्यातल्या माणसाला अशा गोष्टी भाषणापेक्षा लवकर समजतात. १९५५ मध्ये सरसेनापती हे पदच संपवून तिन्ही दलांचे तीन समान प्रमुख करण्यात आले. लष्करप्रमुखाची मुदत ठरली आणि ती संपल्यावर तो घरी जाऊ लागला. पाकिस्तानात अयूबपासून बाजवांपर्यंत मुदतवाढ हा राजकारणाचा मोठा विषय राहिला. केंद्रीय राखीव पोलीस दल वाढवले गेले, १९६५ मध्ये सीमा सुरक्षा दल उभे राहिले, आणि प्रत्येक दंगलीत सैन्याकडे धावण्याची गरज कमी झाली. सैन्यभरतीचा पायाही काही प्रमाणात रुंदावला. पंजाबचे प्रमाण मोठे राहिले, पण एवढ्या मोठ्या देशात कुठल्याही एका प्रांताच्या अधिकाऱ्यांना सगळे सैन्य आपल्यामागे घेता येईल अशी स्थिती राहिली नाही. पाकिस्तानी सैन्यावर पश्चिम पंजाबचे वर्चस्व होते, आणि देशाची निम्म्याहून अधिक लोकसंख्या असलेला पूर्व बंगाल त्यात नाममात्र होता.

या बंदोबस्ताची किंमतही आपण दिली आणि ती सांगितल्याशिवाय माझे उत्तर प्रामाणिक होणार नाही. सेनापतींना दूर ठेवता ठेवता त्यांचा सल्लाही दूर ठेवला गेला. १९५९ मध्ये संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी मतभेद झाल्याने थिमय्यांनी राजीनामा दिला. नेहरूंनी तो मागे घ्यायला लावला आणि मग लोकसभेत त्यांनाच दोष दिला. बढत्यांत मर्जीचा शिरकाव झाला. १९६२ च्या पराभवामागे इतरही कारणे होती, पण हे कारण मी त्यात अग्रभागी ठेवतो. त्यानंतर संरक्षणमंत्री म्हणून यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. "हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला" हे वाक्य आपण सगळे जाणतो, पण ते तिथे काय करत होते हे कमी लोकांना माहीत आहे. ते तिन्ही प्रमुखांना नियमितपणे भेटत, त्यांचे ऐकून घेत, आणि निर्णय स्वतः घेत. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले तेव्हा हवाई दल वापरण्याची परवानगी त्यांनी काही मिनिटांत दिली, आणि विमाने संध्याकाळच्या उजेडात उडाली. सेनापतीला मान देणारा आणि तरीही अंतिम शब्द स्वतःकडे ठेवणारा मंत्री कसा असतो, याचे माझ्या दृष्टीने ते सर्वांत चांगले उदाहरण आहे.

आता तुमच्या वडीलधाऱ्यांची पाच वर्षे. त्यांच्या बोलण्यामागचा त्रागा मी मनापासून समजू शकतो, आणि अयूब खान यांच्या काळात पाकिस्तानात कारखानदारी आणि शेतीउत्पादन वाढले हेही खरे आहे. अडचण "पाच वर्षे" या शब्दांत आहे. झियांनी नव्वद दिवसांत निवडणूक घेण्याचे वचन दिले आणि ऑगस्ट १९८८ मध्ये विमान अपघातात मृत्यू येईपर्यंत, अकरा वर्षे, ते राहिले. अयूब दहा वर्षांहून अधिक राहिले, मुशर्रफ जवळजवळ नऊ. मुदत संपली असे सांगणारा कुणी त्या व्यवस्थेत नसतो, कारण तो असता तर सैन्य आलेच नसते. दुसरी अडचण अशी की सैन्यात कामाची पद्धत आदेशाची असते. ज्याचा आवाज वरपर्यंत पोचत नाही त्याची तक्रार शत्रूचे कारस्थान वाटू लागते. पूर्व बंगालच्या बाबतीत हेच झाले. १९७० च्या निवडणुकीत अवामी लीगला तिथल्या १६२ पैकी १६० जागा मिळाल्या. या निकालावर वाटाघाट करणे हे राजकारण्याचे काम होते. सत्तेवर बसलेल्या सेनापतींनी त्यावर लष्करी मोहीम काढली. वर्षअखेर ढाक्यात शरणागती झाली, देश तुटला आणि सुमारे ९३ हजार जण युद्धकैदी झाले.

तिसरी अडचण माझ्यासारख्या सैनिकाला सर्वांत जास्त बोचते. राज्य चालवणारे सैन्य सैन्य म्हणून बिघडते. जमिनी, महामंडळे, कारखाने, बदल्या यांत अधिकारी गुंततात. व्यापाऱ्यांनी ज्यांच्यासमोर हात जोडले त्याच गणवेशाकडे उद्या तेच व्यापारी पैशाची पाकिटे घेऊन येतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये निवृत्तीच्या तोंडावर जनरल बाजवा यांनी रावळपिंडीच्या मुख्यालयात जाहीरपणे कबूल केले की सैन्याने सत्तर वर्षे राजकारणात केलेला हस्तक्षेप घटनाबाह्य होता. असे वाक्य कुठल्याही लष्करप्रमुखाला निवृत्तीच्या आठवड्यात उच्चारावे लागू नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

भारत यातून कायमचा सुटला आहे का? सत्ता बळकावली जाण्याचा धोका मला दिसत नाही. १९६४ मध्ये नेहरूंच्या अंत्ययात्रेच्या गर्दीसाठी लष्करप्रमुख चौधुरींनी दिल्लीत जादा तुकड्या आणल्या तेव्हा सरकारने त्यांच्याकडे खुलासा मागितला होता. हे तेच चौधुरी, ज्यांनी हैदराबादचा कारभार मुकाट्याने सोपवला होता. इतकी सावधगिरी तेव्हा होती आणि ती गैर नव्हती. मला काळजी वाटते ती वेगळ्या दिशेची. सैन्य राजकारणात जाण्यापेक्षा राजकारण सैन्यात येण्याची शक्यता आज जास्त आहे. मार्च २०१९ मध्ये निवडणूक आयोगाला सर्व पक्षांना सांगावे लागले की प्रचारात जवानांची छायाचित्रे वापरू नका. ईशान्येत आणि काश्मीरमध्ये सशस्त्र दल विशेषाधिकार कायद्याखाली दशकानुदशके सैन्य तैनात राहिले, तिथे परतीचा कागद कधी निघणार हे नागरी सरकारांनी फार काळ सांगितले नाही, आणि त्याबद्दल बोलताना आपण पाकिस्तानला जी मोजपट्टी लावतो तीच लावायला हवी.

यावरून तुमच्या मावसभावाकडे येतो. त्याला मतदानाचा पूर्ण हक्क आहे, सेवा मतदार म्हणून तो तिकडूनही मत देऊ शकतो, आणि ते कुणाला द्यायचे हा त्याचा प्रश्न आहे. पण आर्मी ॲक्ट १९५० च्या २१ व्या कलमाखाली आणि १९५४ च्या आर्मी रूल्सखाली राजकीय सभेला जाणे, पक्षाच्या कामात भाग घेणे त्याला मना आहे, आणि समाजमाध्यमांबद्दलचे आदेश त्याच्या युनिटात वाचून दाखवलेले असतात. त्याला रागावू नका, त्याच्या वरिष्ठांना कळवायलाही जाऊ नका. सुट्टीवर येईल तेव्हा शांतपणे एवढे सांगा की उद्या कुठल्याशा गावात त्याचा कॉलम उतरला आणि तिथे दोन पक्षांचे लोक एकमेकांवर उठले असतील, तर त्याच्या फोनवरचे ते चिन्ह पाहिलेला माणूस त्याच्या रायफलीकडे कोणत्या नजरेने बघेल. माझ्या पलटणीतल्या एका हवालदाराला मी हेच विचारले होते. त्याने तिथेच खिशातून फोन काढून स्टेटस पुसले आणि सॅल्यूट करून निघून गेला.